बेड्या नसलेला तुरुंग

व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आम्ही वावरला कितीदा पाहिला! त्यामागचा परदेशी इंजिनीयर मात्र आम्हाला उशिरा कळला. मॉरिस फ्रिडमन, पोलंडचे ज्यू. बंगलोरच्या सरकारी वीजसामानाच्या कारखान्यातून ते औंध संस्थानात आले. त्यांच्याच कल्पनेतून १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. तेथे बेडी नाही, तुरुंगाची भिंत नाही; खुनाची शिक्षा झालेला कैदी बायकामुलांसह राहून शेती करी. वाचकहो, घरचा कर्ता आत गेला की चूल कशी थंडावते, ते आमच्या वस्तीतल्या बायांना विचारा. फ्रिडमन यांना लोक ‘भारतानंद’ म्हणत. पुढे तिबेटी बौद्ध निर्वासितांसाठीही ते झटले. १९७६ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले.