सातव्या नसेचा दिवस

सकाळी ७. ऑपरेशनआधी पेशंटना भेटतो. बँकेत काउंटरवर बसणाऱ्या बाई. डावा डोळा मिटतो, मग ओठाचा कोपरा वर ओढला जातो, झोपेतसुद्धा. किती वर्षं त्यांना ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगितलं गेलं, याचा मला राग येतो. हा मनाचा आजार नाही. चेहऱ्याची सातवी नस ब्रेनस्टेममधून बाहेर पडते, नेमकी तिथे धमनीची वळी टेकून ठोके देते. दर तीन-चार महिन्यांनी बोटॉक्स घेऊन त्या कंटाळल्यात.

“डॉक्टर, ऐकू येईल ना?”

आठवी, म्हणजे ऐकण्याची नस सातवीला चिकटूनच असते. धोका थोडा आहे, पण आहे, असं स्पष्ट सांगतो.

८.१५. भूल. कुशीवर झोपवून डोकं तीन पिनांच्या क्लॅम्पमध्ये घट्ट. स्नायू सैल करणारं औषध नळी घालण्यापुरतंच, नाहीतर चेहऱ्याचे सिग्नल मिळणार नाहीत.

९.३०. कानामागे दहाच्या नाण्याएवढी खिडकी. मेंदूभोवतीचं पाणी सावकाश काढलं की लहान मेंदू आपोआप मागे सरतो. ही दहा मिनिटं घाई केली, तर पुढे मेंदू ओढावा लागतो.

१०.२०. मायक्रोस्कोप. खालून, नवव्या-दहाव्या नसेकडून वर जायचं, म्हणजे आठवीवर ताण येत नाही. तरीही मॉनिटरवरची ताई म्हणते, “सर, पाचवी लाट मागे पडतेय.” कानात सोडलेल्या टिकटिकीला ब्रेनस्टेमचं उत्तर एक मिलिसेकंद उशिरा येऊ लागलं, तरी तो इशारा असतो. हात काढून घेतो. कोमट सलाइन सोडून सगळे थांबतो. लाट जागेवर आल्यावरच पुढे.

११.१०. सापडली! नसेच्या मुळाशी धमनीची वळी, आणि नसेवर तिने पाडलेली खाच. वळीतून केसासारख्या फांद्या ब्रेनस्टेमकडे जातात, म्हणून ओढाताण नाही. सिस्टरनी कापसासारखं पिंजून ठेवलेलं टेफ्लॉन धमनी आणि ब्रेनस्टेम यांच्या मध्ये सरकवतो, नसेला न टेकवता. आतापर्यंत डोळ्याकडच्या फांदीला करंट दिला की हनुवटीचा स्नायूही उडत होता.

“सर, गेला सिग्नल.”

अशा वेळी न्यूरोसर्जन पीटर जॅनेटा आठवतात. १९६०च्या दशकात, निवासी डॉक्टर असताना, दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी विच्छेदन करताना त्यांना पाचव्या नसेवर रक्तवाहिनी टेकलेली दिसली. रक्तवाहिनी टेकल्यामुळे नसेचा आजार होतो, यावर अनेक ज्येष्ठांचा कितीतरी वर्षं विश्वास बसला नाही. पिट्सबर्गमध्ये ते ऑपरेशन करत राहिले.

१२.३०. पाणी गळू नये अशी शिवण. हाडातल्या हवेच्या पोकळ्या मेणाने बंद.

२. आयसीयू. त्यांच्या डाव्या कानाशी बोटं चोळतो. “येतंय ऐकू.” डोळे घट्ट मिटायला सांगतो, दात दाखवायला सांगतो. दोन्ही बाजू सारख्या.

५. ओपीडी. एका तरुणाची फक्त खालची पापणी फडफडते, तीही जागरणांनंतर. एमआरआयमध्ये नसेजवळ धमनी दिसते, म्हणून ऑपरेशन करा म्हणतो. अशी धमनी कित्येक निरोगी माणसांतही दिसते. मी नाही म्हणतो. झोप पुरेशी घे, आणि फडफड गालापर्यंत उतरली तर ये.

७.३०. राउंड. बाईंच्या डोळ्याखाली बारीक फडफड परतलीय आणि त्यांचे यजमान घाबरलेत. इतकी वर्षं चिडलेली नस लगेच शांत होईलच असं नाही, कधी आठवडे, कधी महिने लागतात, हे कालच बोललो होतो, पुन्हा सांगतो. दहापैकी आठ-नऊ जणांचा त्रास अखेर जातो. “आणि काकू, नाकातून पाणी आलं किंवा घशात खारट लागलं, तर रात्री कितीही वाजले तरी सिस्टरना उठवा.”