गर्दीच्या वेळी इंटरनेट कुणाचं अडवायचं?

केबल ब्रॉडबँडमध्ये परिसरातल्या अनेक घरांचे मोडेम एकाच वाहिनीवर असतात. रात्री सगळे एकदम बसले की वेग घसरतो. अपलोडची वाट तर मुळातच अरुंद.

अमेरिकेतल्या कॉमकास्ट कंपनीने यावर भलताच उपाय शोधला होता. बिटटोरेंटवरून फाइल पाठवणाऱ्या दोन संगणकांच्या मध्ये शिरून कंपनी ‘जोडणी तोडा’ असा बनावट संदेश धाडायची, जणू तो समोरच्यानेच पाठवलाय. असोसिएटेड प्रेसने 2007 मध्ये बायबलची फाइल पाठवून हे पडताळलं. ही सरळसरळ फसवणूक होती. ऑगस्ट 2008 मध्ये तिथल्या संचार आयोगाने ती थांबवायला सांगितलं. 2010 मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला खरा, पण तोवर कंपनीने पद्धत बदलली होती.

तेव्हाची ती नवी पद्धत मला रास्त वाटते. अपलोडची वाहिनी 15 मिनिटं 70 टक्क्यांहून जास्त भरलेली राहिली, तरच हस्तक्षेप होई. त्या वेळी स्वतःच्या वेगमर्यादेच्या 70 टक्क्यांहून अधिक वापरणाऱ्याचा डेटा तात्पुरता रांगेत मागे जाई. तो कोणतं अ‍ॅप वापरतो, याची चौकशी नसे.

केबलची जोडणी घेताना जाहिरातीतला वेग वाचाच, पण रात्री नऊला प्रत्यक्ष किती मिळतो, हे शेजाऱ्यांना विचारा.