मुलाची गोष्ट आणि मोठ्यांचा संयम

सौदी अरेबियाच्या मध्यभागी असलेल्या नज्द प्रदेशात घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया मुलांना ज्या लोककथा सांगत, त्यांना तिकडे ‘सबाहीन’ म्हणतात. अब्दुल करीम अल-जुहैमान यांनी अरबी द्वीपकल्पातील अशा कथा गोळा करून पाच खंडांत प्रसिद्ध केल्या, तर लमिया बाअशन यांनी पश्चिमेकडील हिजाझच्या कथांचे संकलन केले. आधी ऐकायचे, सांगणाऱ्याचे शब्द जपायचे आणि पदरची भर घालायची नाही, ही लोककथांच्या संकलकाकडून अपेक्षित असलेली शिस्त मुलांना स्वतःच्या गोष्टी रचायला मदत करणाऱ्यालाही तितकीच लागते. दम्माम, जुबैल किंवा रियाधमधील मराठी घरांत तर तिचा कस लागतो. कारण तेथील मूल घरी मराठी, शाळेत इंग्रजी, हिंदी व अरबी आणि इमारतीतल्या सवंगड्यांशी सरमिसळ हिंदी बोलते, आणि गोष्टी सांगणारे आजी-आजोबा त्याला बहुधा व्हिडिओ कॉलवरच भेटतात.

‘गोष्ट सांग’ असे फर्मावले की मूल गप्प बसते किंवा कालचे कार्टून घडाघडा सांगून मोकळे होते. यावर इटालियन बालसाहित्यकार जान्नी रोदारी यांनी 1973 च्या आपल्या पुस्तकात एक साधी युक्ती मांडली आहे. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवायचे, म्हणजे त्यांना जोडण्यासाठी कल्पनेला कामाला लागावेच लागते. ‘उंट’ आणि ‘वाळवंट’ ही जोडी निरुपयोगी, कारण तिचे उत्तर ठरलेले असते. ‘उंट’ आणि ‘लिफ्ट’ म्हटले की पाच वर्षांच्या मुलाचा उंट लिफ्टमध्ये शिरतो, मान वाकवून उभा राहतो आणि नाकाने सगळी बटणे दाबून टाकतो.

येथून पुढे मोठ्या माणसाचे काम एका शब्दावर भागते: ‘मग?’ ‘उंट काळा होता की तपकिरी?’ या प्रश्नाने मूल परीक्षेला बसल्यासारखे उत्तर देते आणि थांबते. ‘मग त्याने काय केले?’ या प्रश्नाने गोष्ट पुढे सरकते. मुलांच्या कथनाचा अभ्यास करणारे आर्थर ॲपलबी यांनी 1978 मध्ये दाखवले की लहान मुलांच्या गोष्टी प्रथम सुट्या घटनांचा ‘ढीग’ असतात, पुढे एका घटनेतून दुसरी निघत त्यांची ‘साखळी’ बनते आणि आरंभापासून शेवटापर्यंत एकाच सूत्राने बांधलेले कथानक सर्वांत शेवटी येते. म्हणून तीन वर्षांच्या मुलाच्या गोष्टीत उंट मध्येच नाहीसा झाला, तर ती चूक नसून त्या वयाची रीत आहे, हे ऐकणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

शिकागोतील बालशिक्षिका व्हिवियन पेली यांच्या पद्धतीत मूल गोष्ट सांगते, शिक्षिका ती शब्दशः उतरवून घेते आणि मग वर्गातील मुले ती करून दाखवतात. सांगताना झालेली गफलत करून दाखवताना आपोआप उघड होते. लिफ्टचे दार उघडलेच नाही, मग उंट बाहेर कसा आला, असे दुसरेच मूल विचारते आणि कथाकार जागच्या जागी दुरुस्ती करतो. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत, उन्हामुळे दारे बंद असताना, दिवाणखान्यात दोन-तीन घरांतील मुले जमवून हा प्रयोग सहज करता येतो.

उतरवून घेताना मात्र मोठ्यांचा हात दोन ठिकाणी वळवळतो. उंटाने ‘बकाल्यातून लबन आणले’ असे मूल म्हणाले, की पालक ‘दुकानातून ताक’ असे लिहून मोकळे होतात. वास्तविक कोपऱ्यावरचा बकाला आणि थंडगार लबनची बाटली हेच त्या मुलाचे रोजचे जग असते. दुसरा मोह तात्पर्याचा. मुलाने बटणे दाबणाऱ्या उंटाला शिक्षा केलेली नसली, तर ती लिहिणाऱ्याने करू नये. ‘लिफ्ट छतावर गेली, संपली गोष्ट’ इतक्यावर मूल थांबले, तर लिहिणाऱ्यानेही तेथेच थांबावे.

पालकांनी एक वही ठेवावी, प्रत्येक गोष्टीवर मुलाचे नाव व तारीख घालावी आणि लिहिलेले त्यालाच वाचून दाखवावे. ‘मी असे म्हटले नव्हते’ अशी तक्रार त्याने केली, तर ती दुरुस्ती निमूटपणे करावी.