पन्नास रुपयांचा सकर आणि बाभळीचे चौदा दरवाजे

काचेला ओठ लावून चिकटलेला दोन इंचांचा सकर मासा. दुकानदार म्हणतो, "घेऊन जा, टाकीतलं शेवाळ खाईल, वेगळं काही घालायला नको." पन्नासेक रुपयांत सौदा मिटतो आणि तिथूनच आकडे फुगायला लागतात. कागद-पेन्सिल घ्या, हिशेब सोबतच करू.

मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या या माशाची दुकानात सर्रास मिळणारी जात दीड फुटापर्यंत वाढते. म्हणजे लांबी नऊपट. आणि वजन? नऊ गुणिले नऊ गुणिले नऊ, ७२९ पट! तीन किलोचं तान्हं बाळ या पटीने वाढलं, तर बावीस क्विंटलचं होईल. धर्माबादच्या मिरची मोंढ्यातल्या मोठ्या काट्यावरच तोलावं लागेल त्याला!

घरातली टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद. त्यात दीड फुटाचा मासा वळणार कसा? त्याला चार बाय दोन बाय दोनची टाकी हवी, म्हणजे साडेचारशे लिटर पाणी. दर आठवड्याला त्यातलं पाव पाणी बदललं, तर वर्षाला जवळजवळ ५,९०० लिटर. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली 'जलदूत' रेल्वे आठवा. पन्नास वाघिणी, २५ लाख लिटर. ती अख्खी गाडी अशा सव्वाचारशे माशांच्या वर्षभराच्या पाणीबदलात रिकामी होईल!

आणि खाणं? शेवाळखाऊ माशांच्या या कुळात काहींचं आतडं शरीराच्या दहापटीहून लांब असतं. साडेपाच फुटांच्या माणसाला त्या मापाने ५५ फुटांचं आतडं लागेल, पाच मजली इमारतीएवढं. काचेवरचं शेवाळ त्याला कुठे पुरणार! रात्री दिवा मालवल्यावर काकडीचा काप तळाशी सोडा. सकाळी गर गायब आणि सालीचं हिरवं कडं तेवढं उरलेलं. दोडका, वाफवलेला पालक, तळाला बसणाऱ्या गोळ्या, खरवडायला आणि दडायला लाकडाचा ओंडका, एवढं सगळं त्याला लागतं. (टाकी लहानच असेल तर पाच इंचांवर थांबणारा ब्रिसलनोज घ्या. माझं मत विचाराल तर मोठा सकर छोट्या टाकीसाठी विकूच नये.)

कारण टाकीत मावेना झाला की लोक त्याला नदीत सोडतात. उजनी धरणाच्या पाण्यात तो पोहोचलाय, मच्छीमारांची जाळी फाडतोय. आता धर्माबाद तालुक्यातला गोदावरीवरचा बाभळी बंधारा घ्या. साठा २.७४ टीएमसी, म्हणजे साडेसात हजार कोटी लिटरहून जास्त! वीस फूट रुंदीच्या आणि चाळीस फूट पाण्याच्या दोन लाखांवर विहिरी. किंवा ३१ हजार जलदूत. रोज एक गाडी सोडली, तरी ८५ वर्षं पुरेल!

या पाण्यात एक जोडी पडली असं धरा. मादी पाचशे ते तीन हजार अंडी घालते. आपण कंजुषी करू, शंभरच पिल्लं जगवू, निम्म्या माद्या धरू, प्रत्येकीला एकदाच विऊ देऊ. पहिली पिढी १००. दुसरी पाच हजार. तिसरी अडीच लाख. चौथी सव्वा कोटी! हे कागदावरचं गणित, पण एकापुढे एक ठेवले तर रांग ५,६०० किलोमीटरच्या वर जाते. मुंबई-पुणे ३७ वेळा! चोवीस डब्यांच्या दहा हजार रेल्वेगाड्या एकामागे एक!

अजून बिळं राहिली. नर काठाच्या मातीत बीळ कोरून अंडी राखतो. मीटरभर खोल, वीतभर रुंद म्हटलं, तर एका बिळाची माती तीसेक लिटर. साडेबासष्ट लाख नरांची? सुमारे ६९ हजार ब्रास! ट्रॉलीत एक ब्रास धरा, ६९ हजार ट्रॉल्या गोदाकाठ!

आणि बाभळीचे चौदा दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानुसार दरवर्षी १ जुलैला वर उचलतात, ते २८ ऑक्टोबरपर्यंत. तब्बल १२० दिवस वाट मोकळी. खाली तेलंगणाचा श्रीरामसागर, ऐंशी टीएमसीहून मोठा, एकात जवळजवळ तीस बाभळी मावतील एवढा. आणि त्याच्या पुढे थेट बंगालच्या उपसागरापर्यंत गोदावरीच गोदावरी!