विजेचा स्वर आणि शुद्ध गंधार

भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यांत एक यंत्र केवळ भोंक पाडतें, दुसरें केवळ सफाई करतें. आणि अशा अनेक कारखान्यांतून निघालेले भाग जोडले म्हणजे चाकणला मोटार उभी राहते. ‘मॉड्युलर सिंथेसायझर’ या वाद्याची रचना याच तत्त्वावर झालेली आहे. त्याचा प्रत्येक घटक, म्हणजे मॉड्यूल, एकच काम करतो; ते तारांनीं कसे जोडावयाचे हें वादक ठरवितो.

पहिला घटक ऑसिलेटर. हा विजेचीं नियमित आंदोलनें निर्माण करतो. तींच पुढें कर्ण्यांतून नादरूपानें ऐकूं येतात. दुसरा फिल्टर. चाळणीनें कोंडा काढावा तसे हा नादांतील कांहीं उपस्वर काढून टाकतो व कर्कश नाद मृदु होतो. तिसरा ॲम्प्लिफायर नादाचा जोर सांभाळतो. आणि तो जोर एकदम उमटावा कीं हळूहळू चढावा, हें एन्व्हलप नांवाचा चौथा घटक सांगतो.

अमेरिकेंतील रॉबर्ट मूग यांनीं १९६४ सालीं असें यंत्र पुढें आणलें. त्यांतील खरी युक्ति ही कीं, घटकांना हुकूम देण्याचें कामहि विजेचा दाबच करतो. एक व्होल्ट वाढविला कीं स्वर एक सप्तक चढतो.

आपल्या संगीताचा प्रश्न येथेंच उभा राहतो. सप्तकाचे बारा समान भाग केले, तर गंधार षड्जापासून ०.३३३ व्होल्टावर येतो. तंबोऱ्याच्या खर्जांत ऐकूं येणारा स्वयंभू गंधार मात्र ०.३२२ व्होल्टावर पडतो. अंतर सुमारें ११ मिलिव्होल्टांचें. पण कसलेल्या कानास तें खुपतें. पेटीवरहि हाच आक्षेप होता, शिवाय तींतून मींड निघत नाहीं. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीवर घातलेली बंदी अंशतः उठण्यास १९७१ साल उजाडावें लागलें.

पेटीचा सूर कानशीनें घांसून बदलला तर तो तसाच राहतो. येथें मात्र एका लहानशा घटकानें दाब ११ मिलिव्होल्टांनीं उतरविला कीं गंधार शुद्ध होतो, आणि दाब सलग सरकविला कीं मींडहि निघते.

आपल्या देशांत हा प्रयोग नवा नाहीं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत १९६९ सालीं डेव्हिड ट्यूडर यांनीं मूग यंत्र बसविलें. गीता साराभाई, अतुल देसाई आदींनीं तेथें काम केलें. त्या ध्वनिफितींतील निवडक रचना २०२३ सालीं प्रसिद्ध झाल्या. मुंबईचे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं जपानी यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. तीं यंत्रें मॉड्युलर नव्हतीं. पण त्यांतील टीबी-३०३ एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाई, आणि हा गुण रागास उपकारक ठरला.

घटकांत फेरफार करूं इच्छिणारानें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. प्रचलित युरोरॅक पद्धतींत घटकास अधिक व उणे १२ व्होल्टांचा पुरवठा असतो. त्याची पट्टी उलटी बसली तर घटक जळूं शकतो. दुसरें, उष्णतेनें ऑसिलेटरचा स्वर हलतो. म्हणून यंत्र कांहीं वेळ चालू ठेवावें, तंबोऱ्याशीं ताडून पाहावें आणि मगच हात घालावा. मिलिव्होल्ट मीटर मोजील. गंधार लागला कीं नाहीं, हें कानासच विचारावें लागतें.