ऑनलाइन कोर्स : आपली हजेरी आपणच घ्यायची

लोहारदा (जि. देवास) : ‘स्वयम्’वर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, फी फक्त परीक्षेची. पण नोंदणी सोपी, शेवटपर्यंत टिकणं अवघड. इथं हजेरी घ्यायला सर नाहीत.

आधी हिशेब बघा. ‘स्वयम्’वरच्या एनपीटीईएल कोर्समध्ये २५ गुण असाइनमेंटचे, ७५ परीक्षेचे. प्रमाणपत्राला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत. म्हणजे परीक्षेत ७० पडले, पण असाइनमेंट बुडवल्या, तर प्रमाणपत्र नाही. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतात. त्यामुळे एखादा आठवडा सोयाबीन काढणीत गेला तरी कोर्स सोडू नका.

सवयी साध्याच आहेत. रोजची एक वेळ ठरवा, अर्धा तास का होईना. व्हिडिओ थांबवून वहीत लिहा; इंग्रजी शब्द अडला तर शेजारी मराठी अर्थ टिपा. असाइनमेंट शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, नेमकी तेव्हाच लाइट जाते. आणि नेट अगदीच कमी असेल तर ‘स्वयम् प्रभा’चे चॅनेल डीटीएचवर मोफत दिसतात.

मोबाइल घरात सगळ्यांचा असतो. तुमचा अर्धा तास कोणता, ते आजच घरच्यांना सांगून ठेवा.