पहिला दिवस, दोन कडा आणि माकडहाड

स्नोबोर्डवरचा पहिला दिवस बराचसा बसण्यात जातो. बर्फात बूड टेकून बूट अडकवायचे, उठायचं, चार हात घसरायचं, पुन्हा बसायचं. जपानच्या होक्काइदो बेटावर निसेकोला हिवाळ्यातल्या कुठल्याही सकाळी गेलं, तर पायथ्याजवळच्या सौम्य उतारावर रंगीत जाकिटांतली अशी माणसं जागोजाग बसलेली दिसतात. सप्पोरो शहरापासून हे ठिकाण बसने अडीच-तीन तासांवर आहे. त्यामुळे तिथे शिकायला किंवा नोकरीला आलेली परदेशी मुलंही एखादी सुट्टी गाठून ‘बघू तरी’ म्हणत येतात. आपल्याकडची, बर्फ आजवर फक्त फ्रीजरमध्ये पाहिलेली अशीच एखादी नवखी डोळ्यांसमोर आणू आणि तिच्याबरोबर उतारावर जाऊ.

पडायला जागा मात्र तिने उत्तम निवडली आहे. सायबेरियाकडून येणारे कोरडे, गार वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि होक्काइदोच्या डोंगरांना अडून ते बर्फाच्या रूपात ओततात. अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्रीला अडून कोकणात कोसळतात, तोच हा प्रकार. फक्त हिवाळ्यातला आणि शून्याखालचा. १,३०८ मीटर उंचीच्या निसेको अन्नुपुरी डोंगरावर दर हंगामात साधारण १४-१५ मीटर बर्फ पडतो. थंडी कडक असल्याने तो भुसभुशीत आणि हलका राहतो. समोर १,८९८ मीटर उंचीचा योतेई हा ज्वालामुखी उभा असतो, अर्थात ढगांनी दिसू दिला तर. थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने १९१२ साली याच योतेईवर स्की केलं होतं.

स्नोबोर्ड त्यामानाने कालचं पोर. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकांना जोडल्या. त्या खेळण्याला ‘स्नर्फर’ नाव पडलं आणि ते बाजारात आलं. पुढे १९७७ मध्ये जेक बर्टनने व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवायला सुरुवात केली. स्कीवाल्यांना ही दांडगाई वाटे. बहुतेक रिसॉर्ट बोर्डवाल्यांना लिफ्टवर घेतच नसत. १९९८ मध्ये जपानमधल्याच नागानो ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला. तरीही अमेरिकेतली अल्टा, डियर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन ही तीन रिसॉर्ट पुढेही बोर्डला बंदी घालूनच राहिली.

नवखीची खरी परीक्षा भाड्याच्या दुकानातच सुरू होते. आधी प्रश्न येतो, कुठला पाय पुढे? डावा पुढे ठेवणारे ‘रेग्युलर’, उजवा पुढे ठेवणारे ‘गूफी’. ज्याला ठाऊक नसतं त्याला मागून हलकेच ढकलून पाहतात. तोल सावरायला जो पाय पुढे पडतो तो पुढचा. मग बूट. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकायला हवीत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकायला हवीत. टाच मात्र बुटात तसूभरही उचलता कामा नये. थंडीच्या धास्तीने दोन-दोन मोजे चढवणं ही आपल्याकडच्यांची ठरलेली चूक. त्याने पाय आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि उलट जास्त गारठतो. लोकरीचा किंवा सिंथेटिक असा एकच लांब मोजा पुरतो. आत घातलेला सुती टी-शर्टही तितकाच घातकी. घामाने एकदा भिजला की वाळत नाही.

उतारावर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात आणि बाकीचं सगळं फळीच्या दोन पोलादी कडांवर चालतं. टाचांकडची एक, चवड्यांकडची दुसरी. पहिला धडा साधा असतो: फळी उताराला आडवी धरायची, टाचांकडची कड बर्फात रुतवायची आणि हळूहळू सैल सोडत खाली सरकायचं. मग तोच धडा डोंगराकडे तोंड करून, चवड्यांवर. फळी अशी आडवी सरकत असताना क्षणभर जरी सपाट पडली, तरी उताराच्या बाजूची कड बर्फात अडकते आणि माणूस खालच्या बाजूला फेकला जातो. टाचांची कड अडकली तर उताणा, चवड्यांची अडकली तर तोंडघशी. सावरायला सवडच मिळत नाही. माकडहाडाची जन्मभराची ओळख होते ती इथे.

पडताना हात आपोआप मागे जातात, आणि तिथेच मनगट मोडतं. स्नोबोर्ड शिकणाऱ्यांत मनगटाची दुखापत सर्वाधिक आढळते. नॉर्वेत ५,०२९ स्नोबोर्डरांवर केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मनगटाला संरक्षक पट्ट्या बांधलेल्या गटात ८ जणांना, तर न बांधलेल्या गटात २९ जणांना मनगटाची इजा झाली होती. प्रशिक्षक म्हणूनच आधी पडायला शिकवतात: मुठी मिटा, पुढे पडलात तर कोपरापुढच्या हातांवर पडा, मागे पडलात तर हनुवटी छातीला लावून बुडावर बसा आणि पाठीवर लोळा.

प्रशिक्षकाचे पैसे वाचवावेत, असा विचार परदेशी विद्यार्थ्याच्या मनात येणं साहजिक आहे. बरोबर एखादा मित्र असतोच. तो म्हणतो, वर चल, उतरता उतरता येईल. या वाक्यावर विश्वास ठेवू नये. मित्राला स्वतःला येतं, दुसऱ्याला का येत नाही हे त्याला सांगता येत नाही. दहा मिनिटं थांबून तो कंटाळतो आणि खाली निघून जातो. वर एकटी उरते नवखी, आणि खाली लाल रंगाने दाखवलेली वाट. जपानमध्ये हिरवी सोपी, लाल मध्यम आणि काळी अवघड. निसेकोत ऑस्ट्रेलियातून पर्यटकांची एवढी रीघ लागते की इंग्रजीतून शिकवणारा सहज मिळतो. दोन तासांच्या धड्याने अख्खा दिवस वाचतो.

जेवणानंतर लिफ्ट. मागचा पाय सोडवून, पुढचा जखडलेला ठेवून पाळण्यातून उतरायचं असतं. इथे पहिल्या दिवशी भलेभले लोळतात; लिफ्टवाला न बोलता पाळणा थांबवतो, कारण हे त्याला रोजचंच. खरं वळणही दुपारीच जमतं. फळीचं तोंड उताराकडे वळलं की वेग येतो, वेगाने भीती येते आणि शरीर मागे झुकतं. नेमकं हेच चुकतं. भार मागच्या पायावर गेला की पुढचा भाग हलका होऊन वळायला नकार देतो. भीती वाटत असतानाच पुढच्या गुडघ्यावर भार द्यायचा आणि जिथे जायचं तिकडे बघायचं. झाडाकडे बघितलं तर झाडाकडेच जातो. दिवसभरात एका कडेवरून दुसरीवर एकदा जरी धडपणे जाता आलं, तरी पहिल्या दिवसाच्या मानाने ते पुष्कळ.

एक गोष्ट मात्र निघण्याआधी करायची, ती म्हणजे विम्याचे कागद वाचणं. बऱ्याच प्रवासविम्यांत हिवाळी खेळ धरलेले नसतात, वेगळा हप्ता भरावा लागतो. आखलेल्या वाटेबाहेर जाऊन झालेला अपघात तर अनेकदा त्यातूनही वगळलेला असतो. निसेकोत दोरीखालून पलीकडे जायला सक्त मनाई आहे; ठरलेल्या फाटकांतूनच बाहेर पडता येतं आणि तीही हवा बघून उघडतात. हिमस्खलनांत माणसं दगावल्यावर केलेला हा नियम आहे.

संध्याकाळी अंग ठणकायला लागलं की सगळे ओन्सेनकडे वळतात. गरम पाण्याच्या या सार्वजनिक कुंडांत बायकांची नि पुरुषांची सोय बहुधा वेगळी असते. आधी साबणाने स्वच्छ आंघोळ करायची आणि मग कुंडात उतरायचं, तेही कपड्यांविना. पोहण्याचा पोशाख चालत नाही. आपल्याकडच्या मुलीला उतारापेक्षा हेच जास्त अवघड जातं. पण मांड्या, पोटऱ्या आणि दिवसभर स्वतःला बर्फातून उचलून दमलेले दंड यांचा रेटा इतका असतो, की लाज फार वेळ टिकत नाही.